खांबापासून 28 मीटर

घर बांधून झालं असं आपण म्हणतो, तेव्हा गवंडी, सुतार, प्लंबर आणि रंगारी आपापले पैसे घेऊन गेले, एवढाच त्याचा अर्थ असतो. घर खरंच झालं की नाही, ते वीज कार्यालय ठरवतं. आमच्या नव्या घराच्या भिंतींत भरपूर वायर गाडलेली होती, खोलीखोलीत कोरे करकरीत स्विच होते, छताला पंखे लटकत होते. बटण दाबलं की 'टक्' असा आवाज यायचा. बाकी काही यायचं नाही. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दारातच सांगायचो की लाइट अजून आलेली नाही. माणसं "हो का, अरेरे" म्हणायची आणि आत शिरल्या शिरल्या पहिलं बटण दाबायची. एक काका सगळ्या खोल्यांतली बटणं दाबून बाहेर आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "लाइट नाहीये वाटतं."

आणि लाइट तर समोरच होती. फाटकातून दिसेल असा खांब आणि त्याला लागून डीपी, दिवसरात्र घूं करत उभी. वीज 50 हर्ट्झची असली तरी डीपीतल्या रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, तो घूं 100 हर्ट्झचा असतो, कारण त्याचा लोखंडी गाभा दर आवर्तनात दोनदा ताणला जातो. हे शास्त्रीय कारण मला माहीत होतं. तरीही ती आपल्यालाच हसतेय ही शंका काही जायची नाही.

त्या खांबापासून आमची भिंत 28 मीटर. वीज तारेतून प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावते, म्हणजे एवढं अंतर कापायला तिला सेकंदाचा एक कोटीवा भाग लागेल, फार तर दोन. बाकीचा वेळ अर्जाचा.

हा 28 चा आकडा मला तोंडपाठ आहे तो 30 मुळे. 30 मीटरपर्यंत खांबावरून थेट तार ओढता येते, त्यापुढे मधे नवा खांब आणि तोही ग्राहकाच्या खर्चाने, असं मला सांगण्यात आलं होतं. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन मला खांबाशी उभं केलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेकडेने, फाटकातून वळून, पायवाटेने चालत भिंतीपाशी गेले. भरले 33.

"अहो, तार फाटकातून कशाला येईल?" मी म्हटलं.

"मॅडम, मग काय तार उडत जाणार?"

"उडतच जाते ना ती!"

त्यांनी वर पाहिलं. खांबांखांबांमधून ज्या तारा जन्मभर हवेतूनच जात आल्या होत्या, त्यांच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी सरळ रेषेत टेप धरला. 28. वहीत लिहिताना मात्र "अंदाजे" हा शब्द त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी घातलाच.

कनेक्शन माझ्या नावावर घ्यायचं होतं, त्यामुळे कार्यालयात मीच जायचे. गेल्यावर पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" मिस्टर कामावर बसून मोबाइलवर अर्जाची स्थिती बघत असायचे आणि मला कळवायचे की अर्ज 'प्रक्रियेत' आहे. मी त्या प्रक्रियेच्या समोरच बाकावर बसलेली असायचे. पत्त्याच्या पुराव्यासाठी जे कागद चालतात त्यांच्या यादीत पहिलाच कागद होता 'अलीकडील वीजबिल'. मी विचारलं, जुन्या घरचं चालेल का? खिडकीमागचे साहेब म्हणाले, त्यावर पत्ता वेगळा आहे. मग? "मग नव्या घरचं द्या." हे वाक्य त्यांनी इतक्या सहानुभूतीने उच्चारलं की भांडायचं राहूनच गेलं. पुढे घराचा कर भरल्याच्या पावतीवर ते भागलं.

खरा तमाशा झाला तो जोडभार लिहिताना. घरात काय काय विजेवर चालणार, त्याचे वॅट लिहून बेरीज करायची आणि तेवढा भार मंजूर करून घ्यायचा. कमी लिहिला तर पुढे ताण, जास्त लिहिला तर अनामत आणि दरमहाचा स्थिर आकार वाढतो. वायरमन कागद-पेन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला आणि शेजारी माझे सासरे बसले. बाबांनी आयुष्यभर खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पाठोपाठ जाऊन दिवे मालवले आहेत. घरात येऊ घातलेला प्रत्येक वॅट त्यांना संशयित वाटत होता.

"पंखे 75 प्रमाणे पाच. एलईडी 9 प्रमाणे..."

"दोनच धर. एका वेळी माणूस किती खोल्यांत असतो?"

"काका, चालू असलेलं नाही, जोडलेलं लिहायचं. गीझर, 2000."

"गीझर? दोन हजार? अरे, आंघोळ करायची आहे की रेल्वे चालवायची आहे?"

"पंपाची मोटर 1 एचपी, म्हणजे 746."

"750 नको लिहूस हां. चार वॅट उगाच कशाला?"

मग रिकाम्या सॉकेटचा विषय निघाला. त्यात अजून काहीच खोचलेलं नसलं तरी प्रत्येकी 100 वॅट धरायची पद्धत आहे, असं वायरमनने सांगितलं. यावर बाबा उठूनच गेले. जे अस्तित्वात नाही त्याचेही वॅट मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? ते गेले तेवढ्यात नवऱ्याने फोनवरून दोन एसी घातले. बेरीज सिंगल फेजच्या मर्यादेबाहेर गेली, थ्री फेज घ्यावं लागेल असं निघालं, आणि थ्री फेजचा खर्च ऐकून नवऱ्याने दोन्ही एसी फोनवरूनच परत काढले. इतक्या कमी वेळ एसी वापरलेलं दुसरं घर नसेल.

पुढे चाचणीचा अहवाल. परवानाधारक ठेकेदाराने वायरिंग तपासून सही द्यावी लागते. हे गृहस्थ हँडलवाला मेगर घेऊन आले. कातडी पट्ट्याची जाडजूड पेटी, तिचं हँडल फिरवलं की 500 व्होल्ट तयार होतात आणि वायरवरचं वेष्टन विजेला किती अडवतं, म्हणजे त्याचा रोध किती, ते ओहममध्ये कळतं. त्यांनी सगळे बल्ब काढायला लावले, मेन बोर्डात दोन चिमटे लावले आणि हँडल गरागरा फिरवलं. काचेखालची सुई थरथरली आणि पार टोकाला गेली, जिथे आडवा आठ काढलेला असतो.

"किती आलं?" बाबांनी विचारलं.

"अनंत."

"म्हणजे पास की नापास?"

"पास, काका. एक मेगओहमसुद्धा पुरतो. हा अनंत आहे."

अनंत हे उत्तर बरोबर येतं असा प्रसंग बाबांच्या आयुष्यात प्रथमच आला असावा. ते खूश होऊन त्यांच्या मागोमाग अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेले. कोळसा आणि मीठ थराथराने घालून त्यात नळी पुरलेली होती. तिथलं मोजमाप आलं तीन ओहम. बाबांनी लगेच विचारलं, "इथे अनंत का नाही आलं?" इथे जितकं कमी तितकं चांगलं, हे त्यांना पटवेपर्यंत मेगरवाल्यांचं हँडल फिरवण्याहून जास्त बळ खर्च झालं. अर्थिंगला कमी रोध लागतो, म्हणजे बिघाड झाला की वीज माणसातून न जाता त्या वाटेने जमिनीत जाते. "मग तीन तरी कशाला ठेवले?" हा बाबांचा शेवटचा प्रश्न, आणि मला विचाराल तर तो अगदीच चुकीचा नव्हता.

अहवाल जोडला आणि फाइल चालू लागली. या चालण्याविषयी थोडं सांगायला हवं. घरात येते ती वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी. तिच्यातले इलेक्ट्रॉन खांबावरून निघून आपल्या बल्बपर्यंत येतात असं पुष्कळांना वाटतं. ते कुठेही येत नाहीत. केसाच्या जाडीहूनही कमी जागेत सेकंदाला 50 वेळा पुढेमागे हेलकावतात आणि तिथेच राहतात. पोचते ती ऊर्जा. आमची फाइल याच तत्त्वावर चालायची. खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर, शेरा घेऊन परत खालच्या, शेऱ्याचं उत्तर घेऊन पुन्हा वरच्या. प्रत्येक हेलकाव्याला मला मेसेज यायचा, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे'. मागे आला तरी पुढेच पाठवलेला असायचा. फक्त ऊर्जा तेवढी पोचत नव्हती.

शेरे मात्र वाचनीय होते. एकदा 'रोहित्रावर भार उपलब्ध आहे काय?' असा होता. ज्यांनी विचारला तेही त्याच कार्यालयातले आणि ज्यांना ठाऊक असायचं तेही तिथलेच. मधे फक्त एक कूलर होता. मी सुचवलं की हाक मारून विचारता येईल. "तोंडी चालत नाही, मॅडम." उत्तर लेखी आलं, 'होय'. मग मीटर शिल्लक नव्हते. मीटर आले तेव्हा सही करणारे साहेब रजेवर होते.

आणि मग एका सकाळी, काहीही न कळवता, लाइनमन शिडी घेऊन दारात हजर! त्याला ना अर्जाची हकिगत माहीत, ना 28 मीटरचा इतिहास. तो खांबावर चढला, तार ताणली, भिंतीवरच्या नळीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा दिला. पावसाचं पाणी तारेवरून ओघळत आत न जाता त्या वळशावरून टपकावं म्हणून. कुणी सांगितलेलं नसताना त्याने तो वळसा पुन्हा एकदा दाबून गोल केला. एवढ्या सगळ्या प्रकरणात इतक्या मायेने झालेलं काम मी ते एकच पाहिलं. मीटर बसला, सील लागलं, टेस्टर पेटला. तासही लागला नाही.

एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कला वीजघर सुरू केलं, त्या काळातल्या त्याच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या असत. माणूस येऊन त्या काढून नेई, वजन करी, आणि वजनातल्या फरकावरून बिल होई. थंडीत आतलं द्रावण गोठू नये म्हणून मीटरमध्ये एक दिवा ठेवावा लागे. हे मी बाबांना सांगितलं ते चुकलंच, कारण तो दिवा कोणाच्या बिलात जायचा हे त्यांना अजून हवं आहे.

आमच्या मीटरवर दिवा नाही, लाल ठिपका आहे. तो 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट, असं मीटरवरच छापलेलं असतं. बाबांनी ते चष्मा वर करून वाचलं, एकच बल्ब लावून ठेवला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहिले. दोन मिनिटं काही झालं नाही. मग एकदा लुकलुक. "बरोबर आहे मीटर," त्यांनी जाहीर केलं. सगळं घर 'लाइट आली, लाइट आली' करत असताना ते एकटे पुढच्या लुकलुकीची वाट बघत होते. तेवढ्यात ठिपका वेड्यासारखा उघडझाप करू लागला.

"गीझर कोणी लावला?" बाबा तिथूनच गरजले. "सेकंदाला दोन पडताहेत!"

"मी साबण लावलाय, बाबा!" न्हाणीघरातून नवऱ्याचा आवाज.

"मग लवकर धुऊन टाक. मी मोजतोय."