‘फायली पेनड्राइव्हवर आहेत ना? मग झालं!’

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज चार ग्रुपांतून माझ्यापर्यंत पोचला. चौथ्यांदा पाठवणारा माझा मावसभाऊ. मथळा होता, ‘डिस्क इमेजिंग : कॉम्प्युटरवाल्यांचा धंदा!’ पूर्ण हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल, काढून ठेवणं ही जुन्या जमान्यातली गोष्ट आहे, असं त्यात म्हटलंय. कामाच्या फायली कॉपी केल्या की बॅकअप झाला, डी ड्राइव्ह त्यासाठीच असतो, एसएसडी (चिपांवर माहिती ठेवणारी नवी डिस्क) बिघडत नाही, विंडोज स्वतःला सावरतं, उरलेलं क्लाउडवर असतं. आणि इमेज काढायची तर तेवढीच मोठी दुसरी डिस्क हवी, शिवाय आख्खा दिवस मोडतो. शेवटी हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी त्याच धंद्यातला आहे. छापखान्यांचे आणि टॅक्सची कामं करणाऱ्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळे माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो, फक्त तो उलट्या बाजूचा आहे. ज्याच्याकडे इमेज असते त्याच्याकडून मला दोन तासांचे पैसे मिळतात, नसते त्याच्याकडून तीन दिवसांचे.

‘कामाच्या फायली कॉपी केल्या की बॅकअप झाला.’ सगळ्यांना पटतं ते हेच, आणि म्हणूनच गोंधळही इथेच होतो. ऐन लगीनसराईत एका छापखान्याची डिस्क गेली. मालक शिस्तीचे. पत्रिकांच्या फायली रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर टाकायचे, त्यामुळे एकही फाइल गेली नाही. तरी काम चार दिवस बंद राहिलं. त्या फायली पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या, आणि त्याची सीडी कुठल्या कपाटात आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फाँट युनिकोडच्या आधीचे. ते बसवल्याशिवाय ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावाव्या लागणाऱ्या चावीचा, म्हणजे डाँगलचा, ड्रायव्हर, ऑपरेटरच्या बोटांत बसलेली कीबोर्डची मांडणी, प्रिंटरची वर्षानुवर्षं हाताने जुळवलेली सेटिंगं, यांतलं काहीच पेनड्राइव्हवर नव्हतं. भांडी सगळी मिळाली, चूल नव्याने मांडावी लागली.

इमेज असते ती या चुलीसकट. डिस्कवर जे जे आहे, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, त्यांची लायसन्सं, फाँट, सेटिंगं, पार्टिशनांची आखणी आणि बूट होण्यासाठी लागणारा लपलेला भाग, ते सगळं एका मोठ्या फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये बांधून ठेवलेलं असतं. नवी डिस्क बसवायची, बांधलेलं तिच्यावर सोडायचं, की मशीन इमेज काढली त्या दिवसाच्या स्थितीत सुरू होतं.

यावर ग्रुपात एकाने लगेच विचारलं, ‘मग आख्खा सी ड्राइव्हच कॉपी-पेस्ट करू ना?’ करून पाहा. विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळ्या सेटिंगांच्या वहीच्या, फायली त्याने स्वतःच धरून ठेवलेल्या असतात, त्या कॉपी होत नाहीत. बूटसाठीचं ईएफआय पार्टिशन एक्स्प्लोररमध्ये दिसतच नाही. फायलींच्या परवानग्या वाटेत गळतात. अशा कॉपीतून फोटो मिळतील, पण मशीन सुरू होणार नाही. इमेजिंग सॉफ्टवेअर फायलींच्या खालच्या थराला जाऊन डिस्कचे ब्लॉक वाचतं. विंडोज चालू असेल तर ते शॅडो कॉपी सेवेकडून त्या क्षणाचं डिस्कचं गोठवलेलं चित्र मागून घेतं आणि ते वाचतं. तुम्ही तोवर खुशाल टॅलीत एन्ट्री करत बसा. क्लोनझिला हे तैवानच्या एनसीएचसी या संगणन केंद्रातून आलेलं मोफत सॉफ्टवेअर दुसरी वाट धरतं : मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायचं आणि विंडोज झोपलेलं असतानाच डिस्क वाचायची.

‘जुन्या जमान्यातलं’ या शेऱ्याला फॉरवर्डचा पुरावा एकच आहे, इमेज काढणारं नॉर्टन घोस्ट हे सॉफ्टवेअर बंद पडलं. खरंय. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं घोस्ट सिमँटेकने १९९८ मध्ये विकत घेतलं आणि २०१३ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचं नॉर्टन घोस्ट बंद केलं. पण एक दुकान बंद झालं म्हणून बाजार उठत नाही. व्हिस्टापासून पुढची प्रत्येक विंडोज तुमच्या डिस्कवर उतरते तीच मुळी एका इमेजमधून. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमध्ये ‘विम’ या प्रकारची भलीमोठी फाइल असते ती हीच.

‘बॅकअप डी ड्राइव्हवर ठेवा.’ सी आणि डी या बहुतेक घरगुती मशीनमध्ये एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घराला आग लागली तर मधली भिंत कामाला येत नाही. एवढंच.

‘एसएसडीत फिरणारे भाग नसतात, म्हणून ती बिघडत नाही.’ फिरणारे भाग नसतात हे खरं, त्यामुळे धक्क्याने जाण्याची भीती कमी. पण तिच्यात कंट्रोलर चिप असते आणि ती चालवणारा आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, असतं, आणि ती दोन्ही बिघडू शकतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल ग्राहकांना इशारा दिला : चालू राहिल्याचे तास ३२,७६८ झाले की डिस्क कायमची बंद पडेल, आतली माहितीही परत मिळणार नाही, म्हणून फर्मवेअर अपडेट करा. हिशेब केला तर ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का जवळपास एकाच वेळी गेल्या असत्या, म्हणजे ‘आमच्याकडे रेड आहे’, एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळते, असं म्हणणाऱ्यांचीही सोय नाही.

शिवाय जुनी हार्ड डिस्क मरायच्या आधी बहुधा कटकट आवाज करते, कासवासारखी चालते, काहीतरी सुचवते. एसएसडी काल चालू होती आणि आज मशीन सुरू होताना बायोसच्या यादीतही दिसत नाही, असं माझ्यासमोर कितीदा तरी झालंय. त्यातून ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेल्या फायलींचे ब्लॉक ती आतल्या आत साफ करून टाकते, म्हणून चुकून डिलीट झालेलं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत आणण्याची आशाही फार धरू नये.

‘विंडोज रिस्टोअर पॉइंट बनवतं.’ म्हणजे बिघाड झाला तर मागच्या स्थितीत परतायची खूण. बनवतं, तो पर्याय चालू असेल तर. अनेक मशीनवर तो बंदच असतो. त्यात सिस्टिमच्या फायली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री असते, तुमचे दस्तऐवज नसतात. आणि तो राहतो त्याच डिस्कवर. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने (रॅन्समवेअरने) फायलींना कुलूप घातलंच, वर शॅडो कॉपीही पुसून टाकल्या. अलीकडचं ‘विंडोज बॅकअप’ ॲप फोल्डर आणि सेटिंगं वनड्राइव्हवर नेतं. पण छापखान्यातल्या पेजमेकरसारखा जुना प्रोग्रॅम ते परत आणून देत नाही. विंडोजमध्ये इमेज काढायची स्वतःची सोयही आहे, कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या नावाखाली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती जुनी ठरवून वेगळं सॉफ्टवेअर वापरायला सुचवलंय. अडीनडीला चालते, पण तिच्यावर विसंबू नका.

‘सगळं क्लाउडवर आहे.’ गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह मुळात आरसे आहेत. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते. मार्चमध्ये पुसलेलं जुलैत आठवलं तर हात चोळत बसायचं. इथे मात्र फॉरवर्डवाल्यांना माहीत नसलेला एक मुद्दा मीच त्यांच्या पदरात टाकतो. वनड्राइव्हमध्ये ढगाची खूण असलेल्या फायली प्रत्यक्षात डिस्कवर नसतातच, नुसत्या नावाच्या पाट्या असतात. इमेजमध्येही त्या पाट्याच जातात. म्हणजे या फायलींपुरता इमेजचाही उपयोग नाही, त्या आधी डिस्कवर उतरवून घ्याव्या लागतात.

‘तेवढीच डिस्क लागते आणि दिवस जातो.’ ५१२ जीबीच्या डिस्कवर १४० जीबी भरलेलं असेल तर सॉफ्टवेअर वापरातले ब्लॉकच उचलतं आणि वर दाबून भरतं. अशी इमेज समजा १०० जीबीची झाली. यूएसबी ३ ची साधी पोर्टेबल डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर हजार सेकंद, म्हणजे १७ मिनिटं. रडतखडत चाललं तरी पाऊण तास धरा. पुढच्या वेळी बदललेलंच उचलायची सोय अनेक सॉफ्टवेअरांत असते, तेव्हा आणखी कमी. क्लोनझिलात ती नाही, तिथे दरवेळी पूर्ण इमेज.

इमेजवर खरी टीका करायचीच असती तर जागा भरपूर होत्या. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला घातलेलं कुलूप, चालू असलेल्या मशीनवर विंडोजमधून काढलेली इमेज कुलूपाशिवायची असते, ती डिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला आतलं सगळं वाचता येतं. तेव्हा इमेजला वेगळा पासवर्ड घाला, आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. क्लोनझिलाची इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सहसा उतरत नाही. वेगळ्या मदरबोर्डवर नेलं तर स्टोरेजच्या ड्रायव्हरवरून निळा स्क्रीन येऊ शकतो. मोफत मिळेलच याचीही खात्री नाही : मॅक्रियम रिफ्लेक्ट या इमेजिंग सॉफ्टवेअरची अनेकांची आवडती मोफत आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून बिनवाली झाली.

सगळ्यांत मोठी खोट म्हणजे काढून ठेवलेली इमेज कुणी उघडून बघत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपचे त्यांच्याकडे पाच मार्ग होते. ऐन वेळी कळलं, की त्यांतले काही चालतच नव्हते आणि काही नीट लावलेच नव्हते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या क्षणाच्या नकलेवर, सगळं निभावलं. तिथे ही गत, तर आपलं काय! म्हणून इमेज काढली की ‘व्हेरिफाय’ चालवा, बूट करायचा पेनड्राइव्ह त्याच दिवशी बनवा आणि त्यावरून मशीन सुरू होऊन इमेज दिसते का, ते बघा. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरलाही दिसते.

लॅपटॉपवर नुसते यूट्यूब आणि बँकेचं काम करणाऱ्यांना हे सगळं नको. त्यांनी फोटो आणि कागदपत्रं दोन ठिकाणी ठेवावीत, विंडोज काय, अर्ध्या दिवसात नव्याने बसतं.

मावसभाऊ मात्र त्यांच्यातला नाही. त्याच्या मशीनवर बावीस गिऱ्हाइकांचे टॅलीचे हिशेब आहेत, सहीच्या डिजिटल टोकनांचे तीन वेगवेगळे ड्रायव्हर आहेत, आणि परवा फोनवर विचारलं तेव्हा बॅकअप ‘अरे, डी ड्राइव्हवर आहे ना’ असं म्हणाला. शनिवारी मी एक टीबीची डिस्क घेऊन त्याच्याकडे जेवायला जातोय.