जिना आढळला नाही

घरावर एक मजला चढवायचा म्हटलं की पूर्वी नकाशांच्या सुरळ्या काखोटीला मारून नगरपालिकेत जावं लागे. आता बांधकाम परवानगी ऑनलाइन झाल्यामुळे सुरळ्यांबरोबर पेन ड्राइव्हही न्यावा लागतो.

नकाशा तपासणारं सॉफ्टवेअर भलतंच काटेकोर. सामासिक अंतरं म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, चटईक्षेत्र, जिन्याची रुंदी, सगळं 2020च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे आपलं आपण मोजतं. अट एवढीच की प्रत्येक रेघ तिच्या ठरलेल्या लेअरवर, म्हणजे संगणकातल्या नकाशाच्या थरावर हवी. आमच्या आर्किटेक्टकडच्या पोराने जिना भलत्याच लेअरवर काढला आणि अहवाल आला, 'जिना आढळला नाही.' मी नगररचना विभागातल्या ताईंना स्क्रीनवर बोट ठेवून जिना दाखवला. पायऱ्यासुद्धा मोजून दाखवल्या.

"काका, मला दिसतोय हो," त्या म्हणाल्या, "त्याला दिसत नाहीये."

'त्याला' म्हणताना त्यांनी आवाज असा खाली आणला, की तो आतल्या केबिनमध्येच बसला असावा.

मग मूळ मंजूर नकाशाची मागणी झाली. जुनं रेकॉर्ड सगळं स्कॅन झालंय, यात खोटं काही नाही. फक्त एवढा मोठा कागद मावेल असा स्कॅनर नव्हता, म्हणून वडिलांच्या वेळचा तो निळसर नकाशा ए-फोरच्या तुकड्यांत चढवलाय. स्वयंपाकघर एका पानावर, त्याची खिडकी तिसऱ्यावर आणि मोरी शेजाऱ्यांच्या फाइलीत! शेवटी शिपाईमामा रेकॉर्ड रूममध्ये गेले, लाल रुमालाची गाठ सोडली आणि चहा निवायच्या आत अख्खा नकाशा घेऊन आले. तो आम्ही स्कॅन करून पुन्हा अपलोड केला.

नगररचना कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानतात. वाचून फार बरं वाटतं. पण मधे त्रुटी काढली, की तिचं उत्तर पोचल्यापासून मोजणी नव्याने सुरू. आणि त्रुटी काढण्यात 'त्याचा' हात कोण धरणार?

राहता राहिली सही. डिजिटल सहीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 सालीच मान्यता दिलीय. पूर्वी साहेब रजेवर गेले की सही त्यांच्याबरोबर जायची. आता सही पेन ड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये, डोंगल ड्रॉवरमध्ये आणि पिन साहेबांबरोबर कोकणात.

साहेब परतले, परवानगी आली. प्रिंट घेऊन कर्जासाठी बँकेत गेलो. सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि खाली इंग्रजीत 'सही पडताळलेली नाही'. मॅनेजर म्हणाले, "प्रश्न त्यांनाच पडलाय वाटतं. गोल शिक्का मारून आणा."

ताई म्हणाल्या, "काका, पेपरलेस झालो ना आपण, शिक्के बंद."

शिपाईमामांनी मला कोपऱ्यात घेतलं. "शिक्का आहे हो साहेब. शाईची मागणी ऑनलाइन टाकलीय, ती अजून मंजूर व्हायचीय."