स्विफ्ट रायफलमधून विषारी सुया सुटत नव्हत्या

"ब्रिटिशांची गुप्त विषारी सुईची बंदूक" असा एक फोटोसकट मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे चार. ही रायफल 300 यार्डांवर आवाज न करता विषारी सुई मारायची. सुई काढली की रायफलमध्ये .303 चं, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचं, खरं काडतूस बसतं. सरावासाठी ती कुचकामी होती. आणि आज तिला काही लाख मिळतात. भाच्याने तो मेसेज पाठवून "एक मिळतेय, घेऊ का?" असं विचारलं, म्हणून हे लिहिणं आलं.

फोटोतली वस्तू खरी आहे. तिचं नाव स्विफ्ट ट्रेनिंग रायफल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नवख्यांना नेम शिकवायला ती बनली. 1940 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून सैन्य परतलं ते ढिगाने हत्यारं मागे टाकून, आणि इकडे होम गार्डमध्ये, म्हणजे देशाच्या बचावासाठीच्या स्वयंसेवक दलात, माणसांची रीघ लागलेली. रायफली, काडतुसं, नेमबाजीची मैदानं, सगळ्याचीच टंचाई. काडतूस न जाळता खोलीत बसून नेम शिकवता येईल असं काहीतरी हवं होतं, ते हे.

आता सुई. ती सुटत नाही, हे फोटो झूम करून पाहिलं तरी कळावं. नळीच्या तोंडापासून काही इंचांवर एका चौकटीत कागदी लक्ष्य लावलेलं असतं. बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, मागे ओढला की आतली स्प्रिंग ताणली जाते. चाप दाबला की नळीतली दांडी झटक्याने पुढे येते, तिचं अणकुचीदार टोक कागदाला भोक पाडतं आणि परत आत जातं. 300 यार्ड कुठले, चौकट वीतभर लांब सरकली तर कागदालासुद्धा टोक लागत नाही. विष वगैरे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं. धोका आहे तो वेगळाच: ताणलेल्या रायफलच्या तोंडाशी वाकून कागद बदलणाऱ्याच्या डोळ्याला.

पण सगळ्यात घातक दावा दुसरा, काडतुसाचा. स्विफ्टचं बी मॉडेल नंबर 4 रायफलच्या, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या खऱ्या .303 ली-एनफील्डच्या, घाटाचं आहे, म्हणून लांबून फसायला होतं. घाट सारखा, पोटात सगळं वेगळं. काडतूस बसायला चेंबर नाही, गोळीला फिरकी द्यायला नळीत आटे नाहीत, दाब पेलणारा बोल्ट नाही. .303 पेटलं की चेंबरमध्ये हवेच्या दाबाच्या सुमारे 3,000 पट दाब तयार होतो. तो या नळकांड्यात कोंडायचा म्हणजे सगळे तुकडे मागे, झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येणार. शिवाय शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 6 उघडून वाचा. नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करायलाच परवाना लागतो. गोळी झाडणं दूरच. "जुगाड करून देतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याचा नंबर तिथेच ब्लॉक करा.

कुचकामी? इथे थोडं मान्य करावं लागेल. धक्का नाही, धमाका नाही, वारा नाही, आणि डोळा लांबच्या लक्ष्याला सरावत नाही. पहिल्यांदा खरं काडतूस उडवताना दचकायचं ते माणूस दचकतोच. पण नवख्याच्या चुका मुळात त्याआधीच्या असतात. दस्ता, म्हणजे रायफलचा मागचा लाकडी भाग, खांद्यात घट्ट न घेणं ही त्यातली मोठी. स्विफ्टच्या दस्त्याच्या मागच्या टोकाला स्प्रिंगवरची पट्टी आहे. ती खांद्याने पुरेशी दाबली नाही तर चाप ओढत बसा, काही होत नाही. उस्तादाला ओरडावं लागत नाही, रायफलच सांगते. दुसरी चूक चाप हिसकण्याची. खऱ्या नंबर 4 चा चाप दोन टप्प्यांचा: पहिला दाब 3 ते 4 पौंड, दुसरा 5 ते साडेसहा. दुसऱ्या दाबाला हिसका दिला की नळीचं तोंड हलतं. रायफलची लांबी साधारण 1.13 मीटर, दस्ता जागेवर राहून तोंड 1 मिलिमीटर सरकलं तर 100 मीटरवर गोळी सुमारे 9 सेंटिमीटर चुकते. कागदावरचं ते मिलिमीटरभर लांबचं भोक म्हणूनच बोलकं असतं.

भोक नेमाच्या खुणेच्या खाली पडतं, त्याला दोष समजू नका. नजरेची रेषा नळीच्या वर असते आणि कागद तोंडाशी, त्यामुळे तेवढं अंतर राहणारच. ते दरवेळी सारखं आहे ना, एवढंच बघायचं. भोकं विखुरली तर शिकणाऱ्याला झापण्याआधी चौकट हलत नाही ना ते तपासावं. भोक गोल न पडता फाटल्यासारखं पडलं तर टोक वाकलंय. दांडी आळसावल्यासारखी पुढे येत असेल तर बहुतेक वेळा आत जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. स्प्रिंग बदलायची घाई नको.

लाखांबद्दल: आकडा मेसेजमधून घेऊ नका. टोक मूळचं आहे की कुणी खिळा घासून बसवलाय, दस्त्याची पट्टी दाबून सुटते का, आणि चौकट सोबत आहे का, हे विचारा. चौकट नसेल तर ती निम्मीच वस्तू. परदेशातून मागवायची तर आधी कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या. स्कॅनरवर ती रायफलसारखीच दिसते, आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दाखवून भागत नाही.