गुळाला साखर म्हणायला काय जातं?

काल एकादशी, मावशीकडे फराळ. बाबांना मधुमेह, तरी त्यांच्या पानात साबुदाण्याची खिचडी अशी वाढली होती की ताटाचा काठ दिसेना. शेजारी बटाट्याची भाजी, वर गुळातले रताळ्याचे काप. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणते, "भाऊजी, साखरेचा कण नाही हं, सगळं गुळातलं. उपासाचं हलकंच असतं, घ्या बिनधास्त!" मी नको म्हटलं तर सगळे माझ्यावरच. "एक दिवसाने काय होतंय गं?" बाबांनी परत मागून घेतलं. जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून साखर बघितली, तर २८६! डॉक्टरांनी १८० च्या आत ठेवायला सांगितलंय.

अहो, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च! तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत, आणि मूठभर दाण्याच्या कुटाने ती उणीव भरून निघत नाही. जिभेला तो गोड लागत नसेल, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं आणि तेही भराभर. आणि गूळ! उसाच्या रसातली साखरच ती, सोबत चिमूटभर खनिजं. सेंद्रिय आणा, कोल्हापूरचा आणा, रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. एकादशी दुप्पट खाशी हे यांना पाठ आहे, पण त्यातलं काय दुप्पट खातोय ते बघायचं नाही.

बरं, सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची आणि फराळ होईपर्यंत उपाशी बसायचं, हेही यांना पुण्याचंच वाटतं. त्या गोळीने उपाशीपोटी साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. हे सांगायला गेलं की मी नास्तिक!

हे काही आजचं नाही. "शुगर फ्री" लिहिलेला मैद्याचा बिस्किटपुडा घेऊन येतात. ज्वारी शुगरला चांगली म्हणून चार भाकऱ्या वाढतात, जसं काही ज्वारीत पिष्ट नसतंच. जांभळाच्या बियांचं चूर्ण सुरू करा नि गोळ्या सोडा, असं सांगणाऱ्या काकांना तर मी दारातूनच परत पाठवणार आहे. उपाशीपोटीचा आकडा बरा आला की पेढे वाटायला निघतात, आणि दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सीचा कागद तसाच पाकिटात.

डॉक्टरांवरही माझा राग आहे. "गोड बंद, भात बंद," झालं, पुढचा पेशंट! किती खायचं, कशासोबत खायचं, हे कोण सांगणार? वाटीभर भात उसळ, वरण आणि काकडीच्या कोशिंबिरीसोबत खाल्ला तर साखर सावकाश चढते, नुसताच ताटभर खाल्ला तर उसळी मारते. जेवल्यावर थोडं चाललं तर स्नायू त्यातलं ग्लुकोज वापरतात. कुणाला कशाने किती वाढते, तेही ज्याचं त्याने मीटरवर बघावं लागतं. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आम्हाला कुणी दिली नाहीत, मी वाचून वाचून शिकले.

उद्या बाबांचे पाय बधिर झाले, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं, की हीच सगळी माणसं भेटायला येतील, हातात फळांच्या रसाचा डबा घेऊन, आणि मलाच विचारतील, पथ्य नीट सांभाळलं नाहीस का गं?