फियाट ५००: एका फॉरवर्डमध्ये कोंबलेल्या तीन गाड्या

फियाट ५०० बद्दलचा एक मजकूर सध्या फोनाफोनी फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, चौघांनीही कौतुकाने. थोडक्यात तो असा: ‘मुसोलिनीच्या हुकमावरून, जर्मन बीटलची नक्कल करून बनलेली ही चिमुकली गाडी. इंजिन बरोबर पाचशे सीसीचं, म्हणून नाव ५००. छत कापडी, कारण इटालियन लोक हौशी. १९५७ साली येताच लोकांच्या उड्या पडल्या आणि पुढची १८ वर्षं तिच्यात काहीही बदलावं लागलं नाही. आपली प्रीमियर पद्मिनी म्हणजे हीच गाडी, जरा लांब केलेली.’

या गाडीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे वाचून राहवलं नाही. यातल्या एकेका वाक्यात थोडं खरं आहे, पण ते चुकीच्या गाडीला चिकटवलंय.

मुसोलिनीपासून सुरुवात करू. तो १९४५ मध्ये मारला गेला. फोटोत जी गोलमटोल गाडी दाखवतात ती, नुओवा ५००, तुरिनमध्ये लोकांपुढे आली ४ जुलै १९५७ रोजी. ‘नुओवा’ म्हणजे नवी, आणि नवी म्हणायचं कारण हेच की त्याआधी एक जुनी ५०० होऊन गेली होती. १९३६ ची ती जुनी ५०० लोकांमध्ये ‘तोपोलिनो’ नावाने ओळखली जायची, म्हणजे छोटा उंदीर. इटलीत मिकी माऊसलाही याच नावाने हाक मारतात. मुसोलिनीचा संबंध असलाच तर तिच्याशी. १९३० मध्ये त्याने फियाटच्या जोवान्नी आन्येल्लींकडे पाच हजार लिरांत बसेल अशी गाडी मागितली होती. गाडी सहा वर्षांनी आली आणि किंमत निघाली ८,९०० लिरा. म्हणजे हुकमाप्रमाणे तीही झाली नाही. तिशीही न गाठलेल्या दांते जाकोसा नावाच्या इंजिनिअरला हे काम मिळालं, आणि तोवर त्याने एकही मोटार बनवलेली नव्हती. त्याने ५६९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन पार पुढे नेऊन ठेवलं, रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवला आणि त्यामुळे बॉनेट पुढे उतरतं करता आलं. श्रेय द्यायचं तर या माणसाला द्या.

बीटलच्या नकलेची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तोपोलिनो तर नक्कल असूच शकत नाही: तिचं इंजिन पुढे, थंड करायला पाणी, आणि बीटल लोकांच्या हाती खऱ्या अर्थाने पडली ती महायुद्धानंतर. नुओवा ५०० चं इंजिन मात्र मागे आहे आणि वाऱ्याने थंड होतं, एवढं साम्य मान्य. फियाटच्या जर्मनीतल्या शाखेत बाउहोफ नावाचा एक कर्मचारी होता, त्याने मागे इंजिन असलेल्या छोट्या गाडीचा आराखडा तुरिनला पाठवला होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे बीटल होती हेही खरं. पण त्यातलं टू-स्ट्रोक इंजिन तुरिनने नाकारलं. जाकोसाने फोर-स्ट्रोक घेतलं, दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे. बीटलचं इंजिन चार सिलिंडरांचं, समोरासमोर आडवं, आणि या गाडीच्या इंजिनापेक्षा दुपटीहून मोठं. शिवाय १९५५ साली आलेली फियाट ६०० घरातच होती, तिचंही इंजिन मागेच. तीन मीटरच्या आत चार माणसं बसवायची, तर पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा, गाडीच्या पोटातून जाणारा लांब शाफ्ट परवडत नाही, हे गणित त्या काळी युरोपात बरेच जण सोडवत होते आणि उत्तर बहुतेकांचं सारखंच येत होतं.

पाचशे सीसीचा मुद्दा एका ओळीत संपतो. तोपोलिनो ५६९, नुओवा ५०० सुरुवातीला ४७९, नंतर ४९९.५, आणि शेवटचं मॉडेल ५९४. नेमकी पाचशे एकही नाही.

‘येताच लोकांच्या उड्या पडल्या’ या वाक्यावर मात्र मला थांबायचंय, कारण खरी गोष्ट याच्या उलट आहे आणि कितीतरी जास्त शिकण्यासारखी आहे.

युद्धानंतर इटली स्कूटरवर बसली. १९४६ मध्ये व्हेस्पा आली, पाठोपाठ लँब्रेटा. नवरा, बायको आणि मधे पोर, हे दृश्य महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पुढे पुण्यात बजाजने बनवायला घेतली ती याच व्हेस्पाची भावंडं. अशा कुटुंबाला स्कूटरवरून उतरवून चार चाकांवर बसवायचं हा नुओवा ५०० चा हेतू होता. त्यासाठी फियाटने इतकी काटछाट केली की गाडीत काही उरलंच नाही. मागे धड सीट नव्हतं, नुसती बसकी फळी. दरवाजांच्या काचा खाली होत नव्हत्या, फक्त कोपऱ्यातली तिकोनी काच उघडायची. ताकद १३ हॉर्सपॉवर. चमकणाऱ्या पट्टीचं तर नावच नको. आणि किंमत ४ लाख ९० हजार लिरा. आणखी थोडे पैसे जमवले की चार सीटांची, चार सिलिंडरांची ६०० मिळत होती. स्कूटरवाल्याने विचार केला आणि तो स्कूटरवरच राहिला.

गाडी बाजारात पडली. साफ पडली. पण फियाटने त्यानंतरच्या काही महिन्यांत जे केलं त्यात या गाडीचं खरं मोठेपण आहे, असं मला वाटतं. ग्राहकाला दोष न देता त्याच वर्षी त्यांनी इंजिनाची ताकद १५ हॉर्सपॉवरवर नेली. जुन्या रूपातली गाडी ‘इकॉनॉमिका’ म्हणून स्वस्त केली, आणि मूळ किमतीत ‘नॉर्माले’ दिली: खाली होणाऱ्या काचा, मागे गादी, चाकांना झाकणं. १९५८ मध्ये ‘स्पोर्ट’ आली, ४९९.५ सीसी आणि २१ हॉर्सपॉवरची, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा. होकेनहाइमच्या १२ तासांच्या शर्यतीत तिच्या वर्गातले पहिले चारही क्रमांक तिनेच घेतले. तेव्हा कुठे लोकांची नजर बदलली. १९५९ मध्ये इटलीतला औद्योगिक डिझाइनचा मोठा मान, ‘कोंपासो दोरो’, या गाडीला मिळाला. एका दिवसात जिंकलेली गाडी म्हणून तिची गोष्ट सांगणं हा त्या दोन वर्षांच्या मेहनतीवर अन्याय आहे.

छताचं उत्तरही हौसेत नाही. पोलादाचा पत्रा महाग होता. पहिल्या गाडीचं कापड थेट मागच्या काचेसकट गुंडाळलं जायचं. तेवढा पत्रा वाचला, वजन उतरलं. दोन सिलिंडरांच्या इंजिनाची घरघर बंद डब्यात घुमते, तीही कापडामुळे थोडी मोकळी होते. हौसेचा प्रश्न असता तर जास्त पैशांच्या स्पोर्टला आधी कापड मिळालं असतं. तिला सुरुवातीला मिळालं पत्र्याचं बंद छत.

‘१८ वर्षं काही बदललं नाही’ हे वाचून जुन्या गाड्यांवर काम करणारा कुणीही मिस्त्री डोक्याला हात लावेल. कारण तुमच्या पुढ्यातली ५०० नेमकी कुठली, हे ठरवल्याशिवाय एक रबर पट्टीसुद्धा मागवता येत नाही. १९६० ची डी, साडेसतरा हॉर्सपॉवरची. १९६५ ची एफ, जिच्यात सगळ्यात ढोबळ बदल झाला: तोवर दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे पुढच्या कडेने उघडणारे होते, ते आता पुढच्या बिजागरीवर आले. चालत्या गाडीत कडी निघाली तर वारा दार उघडून धरणार नाही, बंद करेल. १९६८ ची एल, जरा श्रीमंती थाटाची, खाली गालिचा आणि बंपरला जादा नळ्या. १९७२ ची आर, तिला १२६ या नव्या गाडीचं इंजिन, पण ताकद कमी करून १८ हॉर्सपॉवरवर आणलेलं. ती १९७५ ला थांबली. न बदललेली एक गोष्ट सांगायची तर गिअरबॉक्स: शेवटपर्यंत सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, नाही; उतरत्या गिअरला डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा, मारायलाच लागायचा.

आणि माझी सगळ्यात लाडकी, फॉरवर्डमध्ये जिचा उल्लेखही नाही, ती जार्दिनिएरा. १९६० ची ही मालवाहू बहीण. मागे सामान ठेवायला सपाट जागा हवी आणि तिथे तर इंजिन उभं. मग त्यांनी इंजिनच कुशीवर झोपवलं, त्यावर तळ टाकला आणि चाकांमधलं अंतर १० सेंटिमीटरने वाढवलं. बेकरीवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ती वापरली. पुढे ऑटोबियांकीने बनवलेली ही गाडी १९७७ पर्यंत चालू राहिली, आणि गंमत बघा, तिचे दरवाजे शेवटपर्यंत जुन्या पद्धतीनेच उघडत होते. याखेरीज शर्यतीसाठी गाड्या तयार करणाऱ्या आबार्थच्या ५९५ आणि ६९५ आहेत, ऑस्ट्रियात ग्राट्झला श्टायर-पुख कंपनीने स्वतःचं बॉक्सर इंजिन (सिलिंडर समोरासमोर आडवे) घालून विकलेली ५०० आहे, वेताच्या खुर्च्या बसवलेली घियाची ‘जॉली’ आहे. सगळ्या धरून जवळपास ३९ लाख गाड्या.

आता पद्मिनी. आमच्या घरी होती, म्हणून हा दावा मला सगळ्यात जास्त बोचला. पद्मिनीचं बॉनेट उघडून ज्याने कार्ब्युरेटर साफ केलाय त्याला सांगावं लागत नाही की इंजिन पुढे आहे, चार सिलिंडरांचं, १,०८९ सीसीचं आणि पाण्यावर थंड होणारं. ती फियाट ११००, म्हणजे ‘मिल्लेचेंतो’च्या वंशातली, वेगळ्या घरची गाडी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला जोडलेली ५०० ही नुओवा नव्हेच. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ५०० जोडली गेली ती तोपोलिनो. त्यानंतर ११०० आली, मग डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली २०२३ च्या ऑक्टोबरात.

तरीही या दोघींचं नातं आहे. तोपोलिनो, १९५३ ची ११००, ६०० आणि नुओवा ५००, या चारही गाड्यांच्या मागे तोच माणूस होता, दांते जाकोसा. फॉरवर्डमध्ये त्याचं नाव एकदाही नाही.