देठातला गरुड

लेख आवडला. फक्त ब्रॅकन नेच्याच्या शास्त्रीय नावातला गरुड (टेरिडियम ॲक्विलिनम; लॅटिनमध्ये 'ॲक्विला' म्हणजे गरुड) पानांच्या पंखासारख्या आकारावरून आला, असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल थोडं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली याला 'टेरिस ॲक्विलिना' म्हटलं, त्यातलं 'ॲक्विलिना' देठाच्या कापावरून. मी वेल्समध्ये राहते, इथे डोंगरच्या डोंगर याने भरलेत. एकदा देठ अगदी बुडाशी, जमिनीतल्या काळपट भागात, चाकूने तिरका कापून पाहिला. फिकट गरावर तपकिरी रेघा, आणि खरंच, पंख पसरलेला दोन डोक्यांचा गरुड! (पहिले दोन कापले तेव्हा नुसतेच ठिपके दिसले, हेही सांगते.) इंग्रजांना म्हणे त्यातच शत्रूपासून वाचायला ओकच्या झाडात लपलेला त्यांचा राजा दुसरा चार्ल्स दिसायचा. ज्याची त्याची नजर! जर्मन लोक मात्र सरळ 'आडलरफार्न', म्हणजे गरुडनेचा म्हणतात.

पंख आहेच, पण तो 'टेरिस'मध्ये. ग्रीक 'टेरॉन' म्हणजे पंख. आणि गंमत म्हणजे इंग्रजी 'फर्न' आणि आपलं 'पर्ण' एकाच मुळातले. संस्कृतात पर्ण म्हणजे पानही आणि पंखही. म्हणूनच तर गरुडाला सुपर्ण म्हणतात!