आत्याच्या देवघरातला दगड

रविवारी आत्याकडे, इंदूरच्या रामबागेत गेले, तर देवघरात अन्नपूर्णेशेजारी तळहाताएवढा लालसर दगड. वर हळदकुंकू. "भीमबेटक्याचा आहे गं. सहलीत सगळ्यांनीच एकेक घेतला." भीमबेटका म्हणजे भोपाळजवळच्या, आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा. दगड घ्यायचं कारण तो मेसेज, जो तुम्हालाही आला असेलच: आदिमानव पाणी-माती नाही, 'ऊर्जारेषा' पाहून राहायचा, उज्जैन, महेश्वर, भीमबेटका एकाच रेषेवर आहेत, घरं बांधता येत नव्हती म्हणून सगळे गुहेत, आणि तिथला दगड घरात ठेवला की वास्तुदोष जातो.

रेषेचं काय बोलायचं? इंदूरहून उज्जैन उत्तरेला, महेश्वर दक्षिणेला, भीमबेटका पूर्वेला. इंदूरचेच लोक हे पुढे ढकलतात, कमाल आहे.

गुहांचं म्हणाल, तर भीमबेटक्याला विंध्याचा वालुकाश्म आहे. तो झिजून पुढे आलेलं छत तयार होतं, खाली कोरडी जागा, आसपास झरे आणि जंगल. अशी जागा कोण सोडेल? आपल्याकडे मात्र काळा पाषाण, त्याला असली छतं नाहीत. मग माणसांनी काय केलं? महेश्वरसमोर, नर्मदेपलीकडे नावडातोली आहे. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५०च्या दशकात तिथं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं: लाकडी खांब, कुडाच्या भिंती, चुन्यानं सारवलेल्या जमिनी. आधी गहू, नंतर तांदूळ, शिवाय मसूर, वाटाणा. दगडाची बारीक पाती तर हजारोंनी. जागा कुठली? काठावरचा उंचवटा. खाली बारमाही पाणी, मागे ओल धरून ठेवणारी काळी माती, जिच्यात रब्बीचा गहू पावसाच्या ओलीवरच येतो. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तोही घर तिथंच बांधेल.

एक मात्र मान्य करते. भीमबेटक्याला एकाच भिंतीवर चित्रावर चित्र काढलेलं आहे, माणसं हजारो वर्षं तिथं येत राहिली. त्यात श्रद्धा नव्हतीच असं मी म्हणणार नाही. पण म्हणून तिथला दगड उचलायचा?

राग मला याचाच आहे. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ वाकणकर यांनी १९५७ मध्ये आगगाडीतून हे खडक पाहिले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्यामागे घालवली. कुठल्या थरात कुठलं हत्यार सापडलं, यावरूनच तिथं कोण, कधी राहिलं ते कळतं. उचललेला दगड फक्त दगड उरतो. तो हत्यार होता की नुसता कपचा, हे आत्याच्या देवघरात कोण सांगणार? पन्नास माणसांची बस, प्रत्येकाचा एक दगड, दर रविवारी. शिवाय ते संरक्षित स्मारक आहे, २००३पासून जागतिक वारसाही. नासधूस केली तर कैद होऊ शकते, हे मेसेजमध्ये नव्हतं.

कैदेचं ऐकल्यावर आत्यानं दगड धुतला, कुंकू काढलं, रुमालात बांधला. सध्या तो माझ्या स्कूटीच्या डिकीत आहे. शनिवारी दोघी तो परत ठेवायला जातोय. गेटवरच्या माणसाला काय सांगायचं, ते मात्र तिनंच सांगायचं ठरलंय.